आज्ञेवाचून आज्ञावली

आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे एक सहकारी काही महिन्यांपूर्वी एक छोटी यादी घेऊन मराठी विभागात आले. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते टिपणे तयार करीत होते आणि दहा-बारा संज्ञांना त्यांना मराठी प्रतिशब्द हवे होते. यादीत पहिलीच संज्ञा होती ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’. ‘प्रोग्रॅम’साठी मराठीत ‘आज्ञावली’ हा शब्द रूढ आहे आणि गणितातल्या ‘फंक्शन’ला आपली पुस्तके ‘फल’ किंवा ‘फलन’ म्हणतात. तेव्हा ‘फलनिष्ठ आज्ञावली’ असा जोड मी सुचवला. सहकारी जरा घुटमळले आणि म्हणाले, “मॅडम, अडचण अशी आहे की यात आज्ञाच नसते.”

प्रतिशब्दांच्या कामात अशी अडचण क्वचित येते. सामान्यतः मूळ संकल्पना आपल्याला ठाऊक असते आणि शब्द शोधायचा असतो. येथे मराठीने ‘प्रोग्रॅम’ची कल्पना करतानाच एक पक्ष घेऊन टाकलेला होता. यंत्राला आज्ञा द्यायच्या आणि त्या आज्ञांची आवली म्हणजे प्रोग्रॅम, ही ती कल्पना. इंग्रजी शब्दात हा पक्ष नाही. आपण तो भाषांतर करताना घातला. ‘आज्ञेवाचून आज्ञावली’ म्हणजे काय, हे समजून घेण्याच्या खटपटीत मी बरेच वाचले, सहकाऱ्यांना बरेच विचारले, आणि शेवटी ज्या प्रश्नापाशी येऊन थांबले तो संगणकाचा राहिला नाही. तो पर्यायाचा प्रश्न होता : एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा असतो? साहित्यविचारात हा प्रश्न जुना आहे. माझ्या माहेरच्या मुलखात, म्हणजे भिगवणच्या परिसरात, तो जमिनीचा प्रश्न म्हणून आला. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंनी त्याकडे पाहायचे आहे.

प्रथम रूढ आज्ञावली कशी असते ते पाहू. ‘क्ष = क्ष + १’ अशी ओळ संगणकाच्या बहुतेक भाषांत लिहिता येते. शाळेत बीजगणित शिकलेल्या कोणाही माणसाला ती असत्य वाटेल, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी नसते. परंतु ही ओळ विधान नसून आज्ञा आहे. ‘क्ष नावाच्या कप्प्यात जे असेल त्यात एक मिळव आणि उत्तर पुन्हा त्याच कप्प्यात ठेव’, असे ती सांगते. समानतेचे चिन्ह येथे हुकमाचे काम करते. या ओळीच्या आधी ‘क्ष’ म्हणजे जे होते ते या ओळीनंतर नसते, आणि आधी काय होते याची कोणतीही खूण कप्प्यात राहत नाही. नाव तेच, अर्थ दुसरा, आणि जुना अर्थ पुसलेला.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसभरात आलेल्या उसाच्या गाड्यांची बेरीज करायची आहे असे समजू. आज्ञार्थी पद्धतीत एक कप्पा घ्यायचा, त्यात शून्य ठेवायचे, पहिल्या गाडीचे वजन त्यात मिळवायचे, मग दुसऱ्या गाडीचे, आणि गाड्या संपेपर्यंत हे चालू ठेवायचे. फलनिष्ठ पद्धतीत बेरजेची व्याख्या सांगायची : रिकाम्या यादीची बेरीज शून्य, आणि यादी रिकामी नसेल तर पहिल्या गाडीचे वजन अधिक उरलेल्या यादीची बेरीज. येथे ‘मिळव’, ‘ठेव’, ‘पुन्हा कर’ असे काही नाही. बेरीज म्हणजे काय एवढेच सांगितले आहे, आणि ती कशी काढायची हे त्या सांगण्यातून निघते. पूर्वमीमांसकांनी विधिवाक्याला तीन आकांक्षा मानल्या : काय साधायचे, कशाने साधायचे, कसे साधायचे. त्यांतल्या तिसरीचे, म्हणजे इतिकर्तव्यतेचे, ओझे पहिलीवर टाकण्याचा हा प्रयत्न आहे, असे म्हणता येईल. ही तुलना मी फार ताणणार नाही. मीमांसकांना विधी सोडायचा नव्हता.

दोन्ही पद्धतींचे मूळ एकाच वर्षातले आहे. १९३६ साली ॲलन ट्युरिंगने एका कल्पित यंत्राच्या रूपाने गणनक्रियेचे वर्णन केले. फीत, तिच्यावर सरकणारे टोक, खुणा पुसणे आणि लिहिणे, असे ते यंत्र. त्याच वर्षी अलोंझो चर्चने आपल्या लॅम्डा-कलनाच्या आधारे हीच गोष्ट मांडली. त्यात यंत्र नाही, पुसणे नाही, फक्त एका पदाच्या जागी दुसरे पद घालणे आहे. दोहोंची शक्ती समान आहे हेही लगेच सिद्ध झाले. एकाने जे मोजता येते ते दुसऱ्याने मोजता येते, म्हणून वाद सामर्थ्याचा नाही. आपण जे लिहिले आहे त्याविषयी कोणत्या भाषेत खात्रीने बोलता येते, हा वाद आहे. जॉन बॅकस याने १९५७ साली ‘फोरट्रान’ ही आज्ञार्थी भाषा जगाला दिली आणि १९७७ साली ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्याच परंपरेवर कठोर टीका केली. आपणच रूढ केलेल्या शैलीविरुद्ध वीस वर्षांनी उभे राहणारा लेखक आपल्या वाङ्मयेतिहासात सहज सापडत नाही.

या पद्धतीविषयी ऐकीव समजुती पुष्कळ आहेत. तीत ‘फंक्शने’ वापरतात म्हणून ती फलनिष्ठ, असे अनेक विद्यार्थी सांगतात. परंतु ती आज्ञार्थी भाषांतही वापरतात. आज्ञावली आखूड होते, हे कधी खरे असते, कधी नसते. तीत काही बदलतच नाही, हा समज सत्याच्या अधिक जवळ असला तरी पुरेसा नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात नव्वदच्या दशकात ‘गोफर’ नावाच्या फलनिष्ठ भाषेवर थोडे संस्कार करून ती प्रोग्रॅमिंगच्या शिक्षणासाठी वापरली जाई. या क्षेत्रातला एक खरा प्रयोग आपल्या इतक्या जवळ झाला, आणि मराठीच्या आम्हा अध्यापकांना त्याचा पत्ताही नव्हता. अर्थात त्यांना आमच्या मम्मटाचा पत्ता असण्याचेही कारण नव्हते.

मम्मटाचे नाव येथे उगाच आलेले नाही. सहकाऱ्यांच्या यादीत दुसरी संज्ञा होती ‘रेफरन्शियल ट्रान्सपरन्सी’. ‘संदर्भपारदर्शकता’ असे तिचे शब्दशः भाषांतर होईल आणि त्याने कोणालाही काही कळणार नाही. संज्ञेमागचा विचार असा : एखाद्या पदावलीतला घटक काढून त्याच्या जागी तेच मूल्य असलेला दुसरा घटक घातला तर संपूर्ण पदावलीचे मूल्य बदलत नसेल, तर ती पदावली पारदर्शक. ‘५ + ७’ जेथे आहे तेथे ‘१२’ घालता आले पाहिजे, केव्हाही, कितीही वेळा. क्वाइनने तत्त्वज्ञानात याची उलट बाजू दाखवली. ‘केशवसुतांनी ‘तुतारी’ लिहिली हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे’, या वाक्यात ‘केशवसुत’ काढून ‘कृष्णाजी केशव दामले’ घातले तर व्यक्ती तीच राहते, पण वाक्य खोटे ठरू शकते. ‘ठाऊक असणे’ ही जागाच अपारदर्शक आहे. क्रिस्टोफर स्ट्रेची याने १९६७ सालच्या आपल्या व्याख्यानांत हा विचार संगणकभाषांना लावला. फलनिष्ठ भाषेचा सारा आग्रह याच ठिकाणी आहे : समानाच्या जागी समान घालता आले पाहिजे. नाव एकदा दिले की त्याचा अर्थ हलवायचा नाही, हा नियम या आग्रहातून येतो. ‘क्ष’चा अर्थ वाटेत बदलत असेल तर कशाच्या जागी काय घालणार?

अकराव्या शतकातील काश्मीरच्या या आलंकारिकाने नेमकी हीच कसोटी शब्दालंकार आणि अर्थालंकार यांचा भेद करण्यासाठी वापरली. शब्दाच्या जागी पर्याय घातला तरी अलंकार टिकतो का? टिकत असेल तर तो अर्थाचा. मोडत असेल तर शब्दाचा. परंपरेने या गुणाला परिवृत्तिसहत्व म्हटले : परिवृत्ती, म्हणजे अदलाबदल, सहन करण्याची क्षमता. मी सहकाऱ्यांना हा शब्द दिला. तो बोजड आहे हे मला मान्य आहे, पण ‘सहन करणे’ हे क्रियापद त्यात आहे, आणि ‘पारदर्शकते’त ते नाही. कोणीतरी काहीतरी सोसते म्हणून अदलाबदल होते, ही जाणीव त्या शब्दाने जपली आहे.

आणखी एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. पाणिनीय व्याकरणात एका वर्णाच्या किंवा प्रत्ययाच्या जागी जो दुसरा येतो त्याला ‘आदेश’ म्हणतात आणि ज्याच्या जागी येतो त्याला ‘स्थानी’. चर्चच्या कलनातली सारी गणनक्रिया म्हणजे या अर्थाने आदेशामागून आदेश, पदाच्या जागी पद. आजच्या मराठीत मात्र ‘आदेश’ म्हणजे हुकूम. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, न्यायालयाचा आदेश. म्हणजे आज्ञार्थी आणि फलनिष्ठ या दोन्ही पद्धतींना आपल्याकडे एकच शब्द लागू पडतो, एकीला लौकिक अर्थाने, दुसरीला शास्त्रीय. पाणिनीचे व्याकरण म्हणजे जगातला पहिला फलनिष्ठ प्रोग्रॅम, असा निष्कर्ष यावरून काढणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. अष्टाध्यायीत नियमांचा क्रम आणि एका नियमाचे कार्य दुसऱ्याच्या दृष्टीने असिद्ध मानण्याची व्यवस्था यांचे इतके महत्त्व आहे की तसे सरसकट म्हणणे म्हणजे दोन्ही शास्त्रांवर अन्याय होईल.

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण परिवृत्ती न सोसणाऱ्या भाषेला श्रेष्ठ मानत आलो आहोत. कवितेतला शब्द हलवता येत नाही, हे तिचे थोरपण. व्यवहारातली भाषाही पुष्कळदा हलवता येत नाही, याकडे मात्र आपले लक्ष कमी असते. ‘पाणी’ आणि ‘उदक’ हे पर्यायी शब्द आहेत. कोशात एकाचा अर्थ दुसऱ्याने देतात. पण ‘पाणी सोडणे’ म्हणजे आशा सोडून देणे आणि ‘उदक सोडणे’ म्हणजे विधिपूर्वक दान करणे. दोहोंचे मूळ एकाच आचारात आहे, तळहातावरून पाणी सोडून वस्तूवरचा आपला हक्क संपवण्यात. पण एकात हातचे गेल्याची हळहळ आहे आणि दुसऱ्यात दिल्याचे समाधान. आमच्याकडे तिसराही अर्थ आहे : धरणातून कालव्याला पाणी सोडणे. उजनीच्या काठी हे तिन्ही अर्थ एकाच पिढीने भोगले. ज्यांच्या जमिनी गेल्या ते म्हणत, आम्ही जमिनीवर पाणी सोडले. धरणांच्या समारंभांतून जी ‘त्यागा’ची भाषा बोलली जाते, तिचे म्हणणे असते की त्यांनी उदक सोडले. ज्याच्यासाठी ही सारी खटपट झाली ते पाणी खाली सोलापूरकडे सोडले जात होते.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. यशवंतसागर असे जलाशयाचे अधिकृत नाव असले तरी भिगवण, डिकसळ, कुंभारगावकडची माणसे ‘फुगवटा’ म्हणतात. हे धरण प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातल्या सिंचनासाठी बांधले गेले. पाणी मात्र वरच्या अंगाला साठले आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली गावे त्याखाली गेली. पळसदेव हे त्यांतले एक. गाव उठले आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला त्याच नावाने पुन्हा वसले. पळसनाथाचे जुने मंदिर पाण्यातच राहिले. ज्या उन्हाळ्यात उजनी फार खाली जाते, वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘वजा’मध्ये जाते, त्या उन्हाळ्यात मंदिर उघडे पडते आणि लोक होडीने किंवा चिखल तुडवीत पाहायला जातात. ‘पळसदेव’ या नावाच्या कप्प्यात आता दुसरी वस्तू आहे. जुनी वस्तू पुसली गेलेली नाही, पण तिला आता स्वतंत्र नावही नाही; ‘जुने पळसदेव’ असे नव्याच्या आधाराने म्हणावे लागते.

पुनर्वसनाच्या कागदांत एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो : ‘पर्यायी जमीन’. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला आणि पुढे तो दोनदा नव्याने करावा लागला, पण शब्दप्रयोग टिकला. आपण व्याकरणात ज्याला ‘पर्याय’ म्हणतो, तोच हा पर्याय. इतक्या गुंठ्यांच्या जागी इतके गुंठे, अमुक प्रतीच्या जमिनीऐवजी तमुक प्रतीची. येथे गृहीत असे की जमीन परिवृत्तिसह आहे : तिचे मूल्य काढता येते आणि त्याच मूल्याची दुसरी तिच्या जागी ठेवता येते. हे गृहीत सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. जमीन विकली जाते, गहाण पडते, वाटून घेतली जाते; शेतकरीही तिचे मूल्य करतोच. बुडालेल्या भूमीविषयी हळवे होऊन लिहिण्याची एक प्रथा आपल्याकडे पडली आहे, आणि त्या लेखनात जमीन म्हणजे जणू कविताच असते. ती कविता नव्हती. बरीचशी कोरडवाहू होती.

प्रश्न वेगळा आहे. एखादी जागा परिवृत्तिसह आहे की नाही, हे कोणी ठरवले आणि ते कोठे लिहिले आहे? फलनिष्ठ प्रोग्रॅमिंगचा मला सर्वांत उद्बोधक वाटलेला भाग येथे उपयोगी पडतो. शुद्ध फलनाने आपले मूल्य द्यायचे आणि त्यापलीकडे जगात काहीही हलवायचे नाही, अशी अट असते. मूल्य देता देता घडून आलेल्या इतर गोष्टींना ‘साइड इफेक्ट’ म्हणतात. आपण ‘अवांतर परिणाम’ म्हणू. पण जी आज्ञावली पडद्यावर अक्षर उमटवत नाही आणि कोणाचे काही ऐकत नाही, ती काय कामाची? ही अडचण या पंथाला फार दिवस छळत होती. १९९० साली ‘हॅस्केल’ या भाषेचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला; पुढच्या काही वर्षांत यूजेनिओ मोजी या संशोधकाच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन फिलिप वॉडलर आणि इतरांनी तीवर तोडगा काढला. त्याची तांत्रिक बाजू अवघड आहे, मतितार्थ अवघड नाही. परिणाम घडवायला बंदी नाही. मात्र जे फलन केवळ मूल्य देते आणि जे जगाला हात लावते, त्या दोहोंचे ‘प्रकार’ वेगळे. ज्याला जगाला हात लावायचा आहे त्याने तसे आपल्या प्रकारातच, म्हणजे दारावरच्या पाटीवर, लिहिले पाहिजे. आणि जो अशा फलनावर अवलंबून असेल त्याच्या पाटीवरही ती खूण चढली पाहिजे. आत जाऊन शोधावे लागू नये.

शुद्धता म्हणजे परिणामांचा अभाव, असे मीही आधी समजत होते. येथे शुद्धता हा परिणाम जाहीर करण्याचा नियम आहे. सोवळ्याच्या कल्पनेत वाढलेल्या समाजाला ‘शुद्ध’ या शब्दामुळे याविषयी गैरसमज होणे सोपे आहे. या नियमाने उजनीकडे पाहिले तर पाटीवर सिंचन आहे, वीज आहे. पाटीवर नसलेले पुष्कळ आहे. उथळ फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे हिवाळ्या-उन्हाळ्यात उतरू लागले आणि त्यांना दाखवायला कुंभारगावचे तरुण होड्या चालवू लागले. भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला, आणि ज्या मुलखात मासा क्वचितच खाल्ला जाई तेथे ‘चिलापी’ हा घरचा शब्द झाला. मुळा-मुठेतून येणारे पुण्याचे सांडपाणी भीमेने आणून याच पाण्यात टाकले. दोन्ही काठांना मोटारी बसल्या आणि ऊस उभा राहिला. यांतले काही चांगले, काही वाईट. काहींनी त्याच घरांना पोसले ज्यांची शेते तळाशी आहेत. यांना ‘अवांतर’ म्हणायचे की नाही, हे परिणामांकडे पाहून ठरत नाही. पाटी कोणी लिहिली यावर ते ठरते. होडी चालवणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने सोलापूरचे सिंचन अवांतर आहे.

येथपर्यंत फलनिष्ठ विचार आपल्या बाजूने बोलतो असे वाटेल. पण त्याची एक मर्यादा मला स्पष्ट दिसते आणि ती सांगितली पाहिजे. या भाषेत ज्यांचे मूल्य समान आहे अशा दोन वस्तूंमध्ये ‘त्यांतली कोणती?’ हा प्रश्न विचारता येत नाही. दोन बारांपैकी कोणता बारा, याला अर्थच नाही. परिवृत्तीची सारी मोकळीक या न विचारता येण्यातून येते. ‘समान’ आणि ‘तीच’ हा भेद तिला हवा असेल तर बाहेरून खूण चिकटवावी लागते, आणि खूण चिकटवली की त्या दोन वस्तू समान राहत नाहीत. पर्यायी जमीन मिळालेला माणूस जेव्हा म्हणतो की ही बरी आहे पण ती नाही, तेव्हा तो मूल्याविषयी तक्रार करीत नसतो. त्याचे वाक्य या भाषेत लिहिता येत नाही. आज्ञार्थी भाषेत, कप्प्यांच्या भाषेत, ते एक वेळ लिहिता येईल, कारण कप्प्याला पत्ता असतो. केवळ मूल्य जाणणारी भाषा न्यायासाठी पुरी पडेल, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

स्मृतीच्या बाबतीत तिची बाजू अधिक बळकट आहे. तेथेही गुंता आहेच. तो मला आमच्या घरातल्या एका प्रकरणामुळे कळला.

महाराष्ट्रात जमिनीचा हक्क दाखवणारा कागद म्हणजे सातबारा, हे सर्वांस ठाऊक आहे. सातबारा आपण होऊन बदलत नाही, हे तितके ठाऊक नसते. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते; संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी पंधरा दिवस मिळतात; मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात; मग तिचा अंमल सातबारावर येतो. जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा आणि नवे नाव फेरफाराच्या क्रमांकासह लिहायचे, ही जुनी रीत. (२०२० साली सातबाराचा नमुना बदलला तेव्हा नावावर आडवी रेघ मारण्याचे ठरले. कंसातले नाव वाक्यात असते, फक्त हळू आवाजात. रेघेखालचे नाव वाक्याबाहेर गेलेले असते. पण हा माझ्या व्यवसायाचा चाळा झाला.) ही व्यवस्था मूळ कल्पनेत विलक्षण फलनिष्ठ आहे. फेरफाराच्या नोंदी एकामागून एक लिहिल्या जातात, कोणतीही पुसली जात नाही, आणि आजचा सातबारा हे त्या सर्व नोंदींचे फल. नोंदी हातात असतील तर सातबारा केव्हाही नव्याने काढता यावा, आणि तो तोच यावा.

आमची काही जमीन फुगवट्यात गेली, काही वर राहिली. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली. वडिलांचे आणि चुलत्यांचे नाव कब्जेदार म्हणून लागले आणि आत्याचे नाव, तेव्हाच्या सर्वत्र चालणाऱ्या प्रथेप्रमाणे, ‘इतर हक्का’च्या रकान्यात गेले. हस्तलिखित सातबाऱ्यांचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. अशा एका पुनर्लेखनानंतर आत्याचे नाव रकान्यात नव्हते. कोणी खोडले नव्हते, कंस केला नव्हता. पुढच्या पानावर उतरवून घेतले नव्हते एवढेच. कित्येक वर्षांनी आत्याला ते नाव हवे झाले, तेव्हा एका कचेरीत तिला सांगण्यात आले की सातबारावर तुमचे नाव नाही, म्हणजे तुमचा हक्क नाही. जुन्या फेरफाराची नक्कल मिळवायला आम्हांला आठ महिने लागले. तीत तिचे नाव होते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती झाली, म्हणजे आणखी एक फेरफार झाला.

झाले होते ते असे : नवा सातबारा फेरफारांवरून काढायचा सोडून जुन्या सातबारावरून उतरवला गेला. कागद दिसायला तोच राहिला, पण तो नोंदींचे फल उरला नाही; आदल्या कप्प्यातून पुढच्या कप्प्यात ओतलेली अवस्था झाला. ओतताना जे सांडते त्याची नोंद राहत नाही. कोणा लेखनिकाला दोष देऊन हे प्रकरण मिटवता आले असते, आणि घरात ते तसेच मिटवले गेले. परंतु वडिलांच्या हातात तो सातबारा दरवर्षी पीककर्जाच्या वेळी येत होता. रकाना रिकामा झालेला त्यांनी पाहिला होता की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. आता विचारता येणार नाही. मी स्वतः २०११ साली भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून दिले आहे. मुलींना समान वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशात २००५ साली झाला, हे मला पूर्ण ठाऊक होते. मी ते उदक म्हणून सोडले की पाणी म्हणून, याचा निर्णय माझ्याकडून अजून झालेला नाही. फेरफारात मात्र माझे नाव, तारीख आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द आहे. तेथे तो कायम राहील.

कायम राहील असे म्हणताना अडखळायला होते. फलनिष्ठ भाषांतही जुने मूल्य बदलत नसले तरी ते अमर नसते. त्याचे नाव घेणारे कोणी आहे तोवरच यंत्र ते सांभाळते. शेवटचा संदर्भ सुटला की जागा झाडून मोकळी केली जाते. जॉन मॅकार्थीने ‘लिस्प’ या भाषेसाठी १९५९च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि तिला ‘कचरा गोळा करणे’ हेच नाव आहे. संगणकाची स्मृती मर्यादित असते, तेव्हा हे झाडणे अपरिहार्य आहे आणि त्यात वावगे काही नाही. आत्याचे नाव मिळाले ते नोंदवही न पुसणारी होती म्हणून, आणि तितकेच आत्या ते विचारायला आली म्हणून. ती आली नसती तर नोंद तशीच राहिली असती, आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट कोणाला ठाऊक नसती.

सहकाऱ्यांची टिपणे आता छापून झाली आहेत. शीर्षकात त्यांनी ‘फलनिष्ठ प्रोग्रॅमिंग’ असा मिश्र शब्द घेतला आणि ‘आज्ञावली’ गाळली, ते योग्यच झाले. ‘परिवृत्तिसहत्व’ त्यांनी एका ठिकाणी तळटीपेत ठेवले आहे. विद्यार्थ्यांना उच्चारायला जड जाते, थोडा लहान शब्द मिळेल का, असे ते परवा विचारत होते. ‘अदलाबदल’ चालेल का म्हणून मी विचारले. ते म्हणाले, त्यात सोसण्याचा भाग येत नाही.